काळ एक धरू

सातवा दगड थरथरत होता. खालचे सहा जागच्या जागी होते. सर्वांत वरचा, बिस्किटाएवढा दगड मात्र एका फ्रेमला एक पिक्सेल डावीकडे जायचा आणि पुढच्या फ्रेमला एक पिक्सेल उजवीकडे यायचा. नुसत्या डोळ्यांना तिथं कडेची धूसर रेघ दिसायची, एवढंच. दानिशनं खेळ थांबवला आणि एकेक फ्रेम पुढे सरकवत गेला. मी वहीत बाण काढत होते. डावा, उजवा, डावा, उजवा. चाळीस बाण झाले तरी दगडाचं काही ठरेना.

"झोपवू या त्याला, मॅडम," दानिश म्हणाला.

"कोणाला?"

"दगडाला."

मला वाटलं, थट्टा करतोय. पण गेम बनवणाऱ्यांची ती जुनीच रीत निघाली. पडद्यावरचं चित्र सेकंदाला साठ वेळा नव्यानं काढलं जातं. त्यातलं एक चित्र म्हणजे एक फ्रेम. एखादी वस्तू सलग तीस फ्रेम एका पिक्सेलपेक्षा जास्त हलली नाही, की ती झोपली असं जाहीर करायचं आणि तिचं गणित बंद करायचं. कोणी येऊन धडकलं की उठवायचं.

"खरे दगड झोपत नाहीत," मी म्हटलं. "घर्षण त्यांना धरून ठेवतं."

"खऱ्या दगडांना परीक्षा पण नसते," तन्वी म्हणाली. ती आमची चित्रकार. धुळ्याची, तन्वी कोठावदे. डोकं वर न काढता बोलायची आणि नेमकी बोलायची.

"पण तीसच फ्रेम का? आणखी थोडं थांबून बघू या. कदाचित आपोआप स्थिर होईल."

"नाही होत, मॅडम. जास्त थांबलं की तो जास्त वेळ थरथरतो, बस."

"मेधाताईंसारखा," तन्वी म्हणाली.

दानिशनं तिला टेबलाखालून लाथ मारली. ती मला लागली.

या गोष्टीला आता दहा वर्षं होत आली. तेव्हा मी चौतिशीची होते. तासगावच्या एका ज्युनिअर कॉलेजात अकरा वर्षं फिजिक्स शिकवत होते आणि वर्षभराची बिनपगारी रजा घेऊन पुण्याला विद्यापीठात गेम तंत्रज्ञान शिकायला आले होते. वर्गातली बाकी मुलं एकवीस-बावीसची. पहिल्या दिवशी मी दारातून आत आले तेव्हा सगळा वर्ग उठून उभा राहिला होता. मी मागच्या बाकावर जाऊन बसले तेव्हा कुठं त्यांच्या लक्षात आलं. तन्वीनं आठवडाभरात मला मेधाताई करून टाकलं. दानिश मुलाणी मात्र फलटणच्या मास्तरांच्या घरातला. त्याच्या तोंडून मॅडम काही सुटेना.

अभ्यासक्रम दोन वर्षांचा होता आणि रजा एका वर्षाची. पुढचं वर्ष करायचं तर कायम नोकरी सोडावी लागणार होती. दुसऱ्या वर्षाचा अर्ज माझ्या पिशवीत डिसेंबरपासून होता. नाव, जन्मतारीख, पत्ता, सगळं भरलेलं. फक्त सही नव्हती.

दर रविवारी सकाळी साडेदहाला आमच्या प्राचार्यांचा फोन यायचा.

"बाई, कुंभोजकर बोलतोय. जेवण झालं?"

"साडेदहा वाजलेत, सर."

"मग नाष्टा तरी झाला असंल. बरं, काय ठरलं?"

"ठरवते, सर."

"ठरवा, ठरवा. गडबड न्हाई. पर एक मेच्या आत संस्थेला कळवाय लागतंय, तेवढं ध्यानात असू द्या." मग ते हलकेच आमिष टाकत. "तुमच्या जागी ती नवी पोरगी आलीय न्हवं, तिला लंबकाचे वीस हेलकावे मोजता येईनात. कधी एकोणीस मोजतीय, कधी एकवीस. पोरं तर काय, कुठलं पण उत्तर लिवत्यात."

"सोडताना एक म्हणत असेल ती. शून्यापासून मोजायचं असतं."

"हेच! हे सांगायला माणूस पायजे की इथं."

कुंभोजकर सर केमिस्ट्रीचे. मला शिकवलंही त्यांनीच, नोकरीवर घेतलंही त्यांनीच, आणि रजेचा अर्ज संस्थेसमोर ठेवून "बाई गेम शिकून येतील, आपल्या पोरांना शिकवतील" असं सांगून मंजूरही त्यांनीच करून घेतला होता. ते रागावले असते तर ठरवणं सोपं गेलं असतं. ते रागावत नव्हते.

आईला विचारलं तर ती म्हणाली, "तुझं तुला कळतं." म्हणजे तिलाही ठरवायचं नव्हतं.

आमचा प्रोजेक्ट लगोरीचा होता. सात चपटे दगड एकावर एक रचायचे, एका गटानं चेंडू मारून ती रास पाडायची आणि दुसऱ्या गटाचा चेंडू अंगावर बसायच्या आत पुन्हा रचून "लगोरी!" म्हणून ओरडायचं. प्रोजेक्ट तपासणाऱ्या आल्मेडा सरांची अट एकच होती: तयार इंजिन वापरायचं नाही. दगड कसा पडतो, चेंडू कसा उसळतो, हे सगळं आपण लिहायचं. आल्मेडा सर वसईचे. दिवसाला वीसेक वाक्यं बोलायचे आणि त्यातली दहा "बघू" अशी असायची.

पडण्याउसळण्याचं गणित साहजिकच माझ्याकडे आलं. जानेवारीत मी ते एका दुपारी वहीत मांडलं आणि दानिशपुढे ठेवलं. त्यानं ते दोनदा वाचलं. पेन्सिल एका ओळीवर टेकवली.

"मॅडम, यात वेळ कुठाय? दोन फ्रेममधला?"

"एक धरलाय."

"एक काय? सेकंद?"

"एक म्हणजे एक. एक फ्रेम हेच काळाचं एकक. एकानं गुणलं काय आणि न गुणलं काय, सारखंच. समीकरण सुटसुटीत होतं."

फळ्यासमोर "सोयीसाठी काळ एक धरू" म्हणायची मला अकरा वर्षांची सवय होती. दानिश आणखी काही विचारणार होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, पेन्सिल कानामागे खोवली आणि म्हणाला, "बरोबर, मॅडम."

खेळ उत्तम चालला. सातवा दगड झोपवला. पाळीची वाट पाहणारी एक मुलगी तन्वीनं काढली होती, दोन वेण्यांची, एका बाजूला उभी राहून चेंडू वर उडवून झेलणारी. तिचा एक झेल मी बरोबर साठ फ्रेमचा बसवला, म्हणजे बरोबर एक सेकंद. लॅबमध्ये कंटाळा आला की मी तिच्याकडे बघत बसायची. घड्याळासारखी होती ती.

प्रदर्शन एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी होतं. त्याच्या आदल्या रविवारी फोन आला.

"बाई, शनिवारी बोर्डाच्या कामाला पुण्याला येतोय. दुपारपर्यंत मोकळा होतो. तुमचं काय ते प्रदर्शन बघतो आणि तुमचं उत्तर पण घेऊन जातो. फोनवर तुम्हाला बोलणं जमंना, असं दिसतंय."

शनिवारी सकाळी विभागाच्या मोठ्या हॉलमध्ये सहा गटांची सहा टेबलं मांडली होती. प्रत्येकावर नवाकोरा, रुंद पडदा आणि नवा कॉम्प्युटर. परीक्षण दुपारी अडीचला. आम्ही एक वाजता आमचा खेळ त्यावर चढवला. दानिशनं बटण दाबलं.

वेणीवाली मुलगी वेड लागल्यासारखी चेंडू उडवू लागली. झेलतेय की तिच्या हातात पापडाचं लाटणं आहे, तेच कळेना. तन्वीनं नेम धरायला कळ दाबली. चेंडू सुटला तो दिसलाच नाही. रास कोसळली. आमचा खेळाडू पहिल्या दगडापाशी पोचतो न पोचतो तोच चारी बाजूंनी प्रतिस्पर्धी माश्यांसारखे घोंघावत आले आणि त्याला बडवून गेले. पडद्यावर अक्षरं उमटली: 'तुम्ही बाद.'

"हा काय प्रकार?" तन्वी म्हणाली. "भुतांनी धरलंय का यांना?"

"पुन्हा चालव," मी म्हटलं.

दानिशनं पुन्हा चालवलं. पुन्हा बाद. शेजारच्या टेबलावरची मुलं जमली. कोणीतरी म्हणालं, "लगोरी नाही, दगडफेक आहे." हसू पसरलं.

"नाद खुळा!" मागून ओळखीचा आवाज आला. "बाई, एवढ्या जोरात तर आम्ही पण खेळत न्हवतो."

कुंभोजकर सर. पांढरा शर्ट, काखेत बोर्डाचा लिफाफा, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. मी दोघांची ओळख करून दिली. दानिश वाकून नमस्कार करायला निघाला; सरांनी त्याला अर्ध्यावरच धरलं. "ऱ्हाऊ दे बाबा. हे घ्या, बाई. कपाटात पडून होतं. म्हटलं, द्यावं नेऊन. तुमच्याशिवाय कोणाचं ऐकत न्हाई ते."

कागद सोडला तर आत आमच्या लॅबचं स्टॉपवॉच होतं. स्टीलचं, चावीचं. त्याचं बटण सरळ दाबलं तर अडकायचं. अंगठ्याच्या कडेनं, जरा तिरकं दाबलं की सुटायचं. मी ते हातात घेतलं. हे काही नुसतं द्यायला आणलेलं नाही, हे मला कळत होतं. त्यांनाही कळत होतं की मला कळतंय. पण त्या क्षणी माझं लक्ष वेणीवाल्या मुलीकडे होतं.

"सर, तुम्ही मोजा," मी म्हटलं. "तिचे वीस झेल. मी वेळ घेते."

"आता?"

"आता."

सरांनी लिफाफा टेबलावर ठेवला, चष्मा वर सरकवला आणि बोट नाचवत सुरुवात केली. "एक, दोन..."

"शून्यापासून, सर!"

"अरे हो की." हॉलमध्ये पुन्हा हसू झालं, या वेळी सरही त्यात होते. "शून्य, एक, दोन, तीन..." मुलगी इतक्या वेगात झेलत होती की शेवटी सर नुसते मान हलवत मोजत होते. "वीस!"

मी कडेनं बटण दाबलं. आठ पूर्णांक चार सेकंद.

"वीस सेकंद लागायला हवे होते," मी म्हटलं. वहीत भागाकार केला. दोन पूर्णांक अडतीस. हाताची चूक धरली तर दोन पूर्णांक चार. "दानिश, लॅबचा पडदा सेकंदाला साठ चित्रं काढतो ना?"

दानिश तोवर पडद्याच्या मागे वाकला होता. तिथल्या चिकटपट्टीवरचं वाचून तो सरळ झाला. "हा एकशे चव्वेचाळीस काढतो."

साठ गुणिले दोन पूर्णांक चार. एकशे चव्वेचाळीस.

दानिश माझ्याकडे पाहत नव्हता, आणि तो का पाहत नाही हे मला कळलं. जानेवारीतली ती दुपार त्याला माझ्याइतकीच स्पष्ट आठवत होती. मी काळ एक धरला होता. म्हणजे माझ्या खेळात सेकंद नव्हताच, होत्या नुसत्या फ्रेम. पडदा घाई करील तशी पृथ्वी घाई करणार.

"तू विचारलं होतंस," मी म्हटलं.

"जाऊ द्या ना, मॅडम."

"नाही. तू विचारलं होतंस आणि मी तुला गप्प केलं. चूक माझी आहे."

हे मी मोठ्यानं म्हणाले. कुंभोजकर सरांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. अकरा वर्षांत त्यांनी माझ्या तोंडून हे वाक्य ऐकलं नव्हतं. वर्गात बाईंची चूक होत नसते. फार तर छपाईची होते.

"पाऊण तास आहे," दानिश म्हणाला. "मी काय म्हणतो, खेळ साठवर बांधून टाकतो. एका ओळीचं काम. पडदा किती का काढेना, आपण साठच द्यायची. कोणाला कळणार पण नाही."

तन्वीनं मान वर न करताच मला विचारलं, "तसं केलं तर चालेल?"

"चालेल," मी म्हटलं. ते खरंच चाललं असतं. "पण बरोबर नसेल. दानिश, टायपायला बस. सगळीकडे दोन फ्रेममधला खरा वेळ घालू या."

मग जे झालं ते मी पुढे कितीतरी वेळा आठवून पाहिलं आहे, आणि दर वेळी मला त्यातले आवाजच आधी आठवतात. मी ओळी सांगत होते, दानिश बडवत होता, तन्वी मागून प्रत्येक ओळ वाचून दाखवत होती. वेग गुणिले वेळ. दगड, चेंडू, पळणारे, चारही प्रतिस्पर्धी.

"झोपेचं पण सेकंदात करा," दानिश म्हणाला. "नाहीतर दगड लवकर झोपतील इथं."

"अर्धा सेकंद लिही."

"फ्रेममागचे जुने आकडे आता सेकंदामागे करायचे. सगळ्यांना साठनं गुणतोय."

"गुण."

कुंभोजकर सरांना आम्ही खुर्ची दिली होती. ते बसले नाहीत. सव्वादोन वाजता दानिशनं बटण दाबलं. प्रतिस्पर्धी माणसांसारखे पळत आले. शेजारच्या टेबलावरून टाळ्या पडल्या. मग वेणीवाल्या मुलीनं चेंडू वर उडवला आणि तो वर गेला, वर गेला, पडद्याच्या बाहेर गेला आणि परत आलाच नाही. ती बिचारी हात पसरून वर बघत उभी.

"हे चंद्रावरचं झालं काय?" सर म्हणाले.

"चंद्रावर गुरुत्व सहापट कमी असतं, सर. हे त्याहून..." मी थांबले. कुठं चुकलं ते दिसेना. साठनं गुणलं होतं. सगळं साठनं गुणलं होतं.

कुंभोजकर सर पडद्यापाशी वाकले. बोटानं एक ओळ धरली. "बाई, हे गुरुत्व न्हवं?"

"हो."

"मीटर प्रति सेकंद... वर्ग. वर्ग ऱ्हायला की तुमचा. साठ न्हाई, साठाचा वर्ग पायजे. छत्तीसशे."

एक केमिस्ट्रीचा माणूस मला त्वरणाचं एकक शिकवत होता. मला हसू फुटलं. साधं नाही, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तन्वीला वाटलं मी रडतेय. ती पाण्याची बाटली घेऊन आली. दानिश खुर्चीत गर्रकन वळला आणि ओरडला, "मेधाताई, नंतर हसा! छत्तीसशे लिहू का?"

"लिही!"

त्यानं लिहिलं. मुलीनं चेंडू उडवला. चेंडू वर गेला, क्षणभर थबकला आणि तिच्या ओंजळीत आला. मी स्टॉपवॉच लावलं. सरांनी, तन्वीनं आणि शेजारच्या टेबलावरच्या पाच जणांनी मोजलं. शून्यापासून. वीस झेलांना वीस सेकंद.

आल्मेडा सर कधी येऊन मागे उभे राहिले होते कळलं नाही.

"मी दर वर्षी प्रदर्शनाला वेगळा पडदा आणतो," ते म्हणाले. "दर वर्षी एक तरी गट सापडतो. फिजिक्सवाल्या बाई सापडतील असं वाटलं नव्हतं." वहीत काहीतरी लिहिलं. "साठवर बांधलं का?"

"नाही, सर."

"बघू," ते म्हणाले, आणि हसले. ते हसतात हे वर्षभरात कोणाला माहीत नव्हतं.

त्यांनी कुंभोजकर सरांना खेळायला बसवलं. परीक्षेत बाहेरचा माणूस खेळवायचा, हीही त्यांची एक पद्धत. दानिशनं कळा समजावल्या. सरांनी दोन बोटांनी नेम धरला आणि चेंडू सोडला. रास फुटली, सातही दगड मैदानभर उडाले, एक तर भिंतीपाशी जाऊन पडला.

"न्हाई न्हाई," सर म्हणाले. "हळू मारायचं कुठलं बटण?"

"हळू?"

"लगोरीला जोरात कोण मारतंय, बाळा? दगड लांब गेलं की गोळा कोणी करायचं? आपणच. वरच्या दोनतीनला नुसता धक्का द्यायचा. रास मोडली, झालं काम. लगेच उचलायचं, लावायचं, लगोरी!" ते लहान मुलासारखे बोलत होते. "आमच्यात एक पोरगा तर वरचा एकच पाडायचा. त्याला बाद करणं कुणाच्या बापाला जमलं न्हाई."

चार महिने आम्ही लगोरी लिहीत होतो आणि हे आमच्यापैकी कोणालाच सुचलं नव्हतं.

"धक्क्याचं गणित वेगळं मांडावं लागेल," दानिश म्हणाला. "आता नाही जमणार. पुढच्या वर्षी घालू. दुसऱ्या वर्षाला हाच प्रोजेक्ट वाढवायचाय आपल्याला..." आणि तो थांबला. त्याचे कान लाल झाले.

"आपल्याला म्हंजे?" कुंभोजकर सर वळले. "तुम्हा दोघांना, का तिघांना?"

आल्मेडा सरांनी पेनला टोपण लावलं. तन्वी डोकं वर काढून माझ्याकडे बघत होती. तिला कोणाकडे असं बघताना मी प्रथमच पाहिलं. पडद्यावर वेणीवाली मुलगी दर सेकंदाला एक झेल घेत होती, आणि माझ्या लक्षात आलं की दुपारी एक वाजल्यापासून मला एकदाही आठवलं नव्हतं की मला काही ठरवायचं आहे.

मी स्टॉपवॉच वर्तमानपत्रात पुन्हा गुंडाळलं आणि सरांच्या लिफाफ्यावर ठेवलं.

"सर, हे परत न्या. याचं बटण अंगठ्याच्या कडेनं दाबायचं असतं, तिरकं, एवढं त्या नव्या बाईंना दाखवा. आणि मोजायचं शून्यापासून." माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा आला. "हळू मारायचं गणित मी लिहिणार आहे. जूनपासून मी कॉलेजला येत नाही."